लंडनचा रुग्ण

मार्च २०१९ मध्ये ज्या माणसाची वार्ता जगभर पसरली, त्याचे नाव मात्र जाहीर झाले नव्हते. ‘लंडनचा रुग्ण’ एवढीच त्याची ओळख. वर्षभराने त्याने आपण होऊन नाव सांगितले : ॲडम कॅस्टिलेहो. मूळचा व्हेनेझुएलातील काराकासचा, लंडनमध्ये स्वयंपाकी.

एचआयव्ही गेला, म्हणून त्याची ख्याती झाली. वस्तुतः डॉक्टर झुंजत होते ते त्याच्या लिम्फोमाशी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाशी. एचआयव्हीचे निदान २००३ मधले. पुढे कर्करोग आढळला, तोही चौथ्या टप्प्यातला. केमोथेरपीचे एकामागून एक उपाय निष्फळ ठरले. अखेर दुसऱ्याच्या मूलपेशी घेणे एवढाच मार्ग उरला.

एके काळी एचआयव्ही असलेल्यांना हा मार्ग सहसा बंदच असे. आधीच दुबळी झालेली प्रतिकारशक्ती मुळासकट उपटून नवी पेरायची, हे धाडस कोण करणार? रोजच्या गोळ्यांनी विषाणू काबूत राहू लागला, तेव्हा हा नकार हळूहळू सैल झाला. बातम्यांच्या गदारोळात या बदलाला फारशी जागा मिळाली नाही. लिम्फोमाच्या रुग्णांसाठी मात्र तोच अधिक मोलाचा आहे.

मे २०१६ मध्ये प्रत्यारोपण झाले. दात्याशी त्याचे कोणतेही नाते नव्हते. विषाणू बहुधा ‘सीसीआर-५’ नावाच्या दारातून पेशीत शिरतो; आईवडील दोघांकडून आलेल्या दुर्मीळ वारशामुळे दात्याच्या पेशींवर ते दारच नव्हते. उत्तर युरोपीय वंशातही असा माणूस शंभरात जेमतेम एक. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅस्टिलेहोच्या गोळ्या थांबवल्या. विषाणू परतला नाही, कर्करोगही नाही. डॉ. रवींद्र गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिकत वैद्यकजगतापुढे मांडली.

किंमतही थोडीथोडकी नव्हती. वजन फार उतरले, संसर्ग झाले, श्रवणयंत्र लावावे लागले. म्हणून केवळ एचआयव्ही असलेल्याने या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी रोजची गोळीच हिताची. दुर्दैवाने आपल्या घरांत मधुमेहाची गोळी ताटाशेजारी असते आणि ही गोळी कपाटात कुलूपबंद.

भारतातही मूलपेशीदात्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. नावनोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात. पुढे कोणा अनोळखी रुग्णाशी जुळणी झालीच, तर बहुधा रक्तातूनच मूलपेशी वेगळ्या काढतात. दात्याचे ते काही तासांचे काम असते.