नियमामागचं नुकसान

मीरा रोड स्टेशनला पूर्वेला उतरलं की नया नगर पायी गाठता येतं. वस्ती ऐंशीच्या दशकात उभी राहू लागली, आणि आमचे मालक त्या सुरुवातीच्या वर्षांतले. छापखाना लग्नपत्रिकांचा, उर्दू, हिंदी, इंग्रजी, मराठी, चारही भाषांतल्या पत्रिका निघतात. मालक धरून आम्ही आठ माणसं. मालकांना सगळे चाचा म्हणतात, मीही. ते मला ताई म्हणतात. मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे हिशेब मराठीत आणि राग कोकणीत. ऑर्डरी आणि जमाखर्च माझ्याकडे. चाचांचं आणि पोरांचं वाजलं की ते आधी माझ्या टेबलावर येतं. ही टिपणं तिथे बसून लिहिलेली.

*

भांडण प्रुफावरून झालं. चाचांचा नियम असा की गिऱ्हाइकाने स्वतः यावं, कागदावरचं प्रूफ वाचावं, खाली सही करावी. त्याशिवाय प्लेट काढायची नाही. डिझाइन करणारा मुलगा पालघरहून येतो. त्याचं म्हणणं, मुंब्र्याचा माणूस एका सहीसाठी दोन गाड्या बदलून का येईल? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू, तो ‘ओके’ म्हणेल, काम पुढे. दोन ऑर्डरी याच कारणावरून दुसऱ्या दुकानात गेल्या होत्या, तेही त्याने सांगितलं.

चाचा म्हणाले, “माझ्या दुकानात माझाच कायदा.” मुलाने हेडफोन लावले. तीन दिवस दोघांमधले निरोप माझ्यामार्फत गेले.

*

चौथ्या दिवशी दुपारी, मशीन बंद असताना, मी चाचांना एवढंच विचारलं, “चाचा, हा सहीचा नियम केव्हापासून?”

ते बराच वेळ गप्प होते. मग कपाटातून एक जुनी पत्रिका काढली. निकाहची. इंग्रजी तारीख एक, हिजरी तारीख एका दिवसाने वेगळी. हिजरी महिना २९ चा की ३० चा, हे चंद्र दिसल्यावरच ठरतं; पत्रिका मात्र कितीतरी आधी छापून होते. मुलीकडच्यांनी हिजरी तारीख धरली, मुलाकडच्यांनी इंग्रजी. बाहेरगावचे काही पाहुणे एक दिवस उशिरा पोचले. गिऱ्हाइकाने फोनवर ‘हो’ म्हटलं होतं, पण कागदावर काही नव्हतं. सगळा खर्च चाचांनी भरला. त्याहून जास्त लागलं ते एका बापाने सगळ्यांसमोर ऐकवलेलं.

ही गोष्ट छापखान्यातल्या एकाही तरुणाला माहीत नव्हती. नियम सगळ्यांना ठाऊक होता.

*

तेव्हापासून मी एक गोष्ट मानते. अडून बसलेल्या ज्येष्ठाच्या बहुतेक हट्टामागे एखादं जुनं नुकसान असतं. नियम म्हणजे त्या नुकसानीवर बसवलेलं कुलूप. आपण कुलूप तोडायला जातो तेव्हा त्याला वाटतं, चोर आला. आत काय ठेवलंय ते आधी विचारावं.

आणि हेही तितकंच खरं की तरुणाच्या तक्रारीमागे आजचं नुकसान असतं. गेलेल्या दोन ऑर्डरी त्याला दिसतात, चाचांना दिसत नाहीत. दोन्ही नुकसानं एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली की भांडणाचा आकार एकदम लहान होतो.

*

आम्ही काढलेला तोडगा असा. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल. नुसता अंगठा किंवा ‘ओके’ चालणार नाही. वधूवरांची नावं, वडिलांची नावं, वार, तारीख, वेळ आणि ठिकाण गिऱ्हाइकाने स्वतः टाइप करून पाठवायचं. त्याची प्रिंट फाइलला लागेल. हिजरी तारखेखाली ‘चंद्रदर्शनानुसार’ अशी ओळ येईल. मुदत एक महिना. चूक झाली तर जुना नियम परत.

या महिन्याच्या मुदतीनेच काम झालं. चाचांना ‘मी हरलो’ म्हणावं लागलं नाही, मुलाला ‘मी जिंकलो’ म्हणायची सोय राहिली नाही. महिना संपला तेव्हा कुणी काही बोललं नाही. नवी पद्धत तशीच चालू राहिली.

*

उर्दूच्या टायपिंगला बसणारी मुलगी नया नगरातलीच. तिचा आणि चाचांचा वाद अक्षरावरून. पूर्वी उर्दू पत्रिका कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहीत. नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरतो आणि अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं. म्हणूनच ती छपाईच्या खिळ्यांत बसवणं अवघड गेलं. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीक या कॉम्प्युटर फाँटने १९८१ मध्ये वाट काढली, नव्वदच्या दशकात इनपेज हे सॉफ्टवेअर आलं आणि कातिबांचं काम सुटत गेलं.

चाचा म्हणतात, कॉम्प्युटरवर लिहिलेल्या नावाला दम नाही. मुलीला वाटायचं, म्हाताऱ्यांची तक्रार. एके दिवशी त्यांनी जुनी हाताची पत्रिका आणि नवी पत्रिका तिच्यापुढे ठेवली आणि ‘नून’ या अक्षराचं पोट दाखवलं, दोन्हींतलं. ती पाहत राहिली. आता वधूवरांची नावं वांद्र्याचे एक वृद्ध कातिब लिहून देतात, बाकीचा मजकूर इनपेजवर होतो. अशा पत्रिकेचा दर जास्त आहे, तरी मागणी आहे.

इथे हट्टामागे नुकसान नव्हतं, नजर होती. ती नजर मागून घ्यावी लागते. निवृत्तीच्या दिवशी हारासोबत ती कुणी देत नाही.

*

कधी तोडगा निघत नाही, वेगळं व्हावं लागतं. तेव्हा कोल्हापूरची एक गोष्ट मला वारंवार आठवते. बाबुराव पेंटर मोठे चित्रकार. परदेशी विल्यमसन कॅमेऱ्याच्या धर्तीवर त्यांनी कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम वणकुद्रे (पुढचे व्ही. शांताराम) ही मंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली. पण आपलं काम आपल्या हातांनी करावं असं तरुणांना वाटू लागलं. चौघे बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांची साथ मिळाली आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ आला.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. शांताराम स्वतः प्रभातमध्ये मोठे झाले आणि १९४२ मध्ये तिथून बाहेर पडून त्यांनी राजकमल काढलं. त्याच राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या १९४७ च्या चित्रपटाला दिग्दर्शक म्हणून दोन नावं आहेत: बाबुराव पेंटर आणि व्ही. शांताराम. फुटल्यानंतर अठरा वर्षांनी गुरूचं नाव शिष्याच्या कंपनीच्या पडद्यावर आलं.

वेगळं होणं हा शेवट नसतो. जाताना काय बोललो, त्यावर पुढची भेट ठरते.

*

वेगळं होण्याची दुसरी गोष्ट पुण्याची. तिथे १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. नाना फडणविसांच्या चित्रणावरून वादळ उठलं. संस्थेचे ज्येष्ठ भालबा केळकर यांनी प्रयोग थांबवण्याची भूमिका घेतली आणि १९ प्रयोगांनंतर नाटक बंद झालं. तरुण मंडळींनी राजीनामे दिले आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन केली. जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं आणि १९८० मध्ये युरोपात गेलं.

मला यातलं एक महत्त्वाचं वाटतं. ही पोरं आतच राहून कुरकुरत बसली नाहीत. प्रश्न तत्त्वाचा होता, तडजोडीची जागा नव्हती, तेव्हा उघडपणे गेली आणि काम करून दाखवलं. ज्या संस्थेत नाटक शिकली तिलाच खाली ओढण्यात वर्षं घालवली असती तर ‘घाशीराम’ १९ प्रयोगांवरच संपलं असतं.

*

मधल्या माणसासाठी, म्हणजे माझ्यासाठी, तीन नियम. निरोप पोचवताना त्यात आपलं मीठ घालायचं नाही. “पोरं असं म्हणतात” असं मोघम सांगायचं नाही. ज्याचं म्हणणं त्याला समोर बसवायचं. चाचांचा चुकीचा निर्णय पोरांसमोर खोडायचा नाही, आणि एकट्यात सांगायला विसरायचंही नाही.

तिसऱ्यातला दुसरा अर्धा भाग सगळ्यांत अवघड. मी तो अनेकदा टाळलेला आहे. टाळलं त्या प्रत्येक वेळी भांडण वाढलं.

*

रमजान. या महिन्यात लग्नं जवळजवळ नसतात, पण ईदनंतरच्या लग्नांच्या ऑर्डरी आत्ताच येतात. चाचा स्वतः रोजा ठेवून मशीनजवळ उभे. पालघरच्या मुलाने न सांगता इफ्तारच्या वेळेचं काम स्वतःकडे घेतलं. कुणी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्याला शटरची चावी दिली. छापखान्याच्या चाव्या दोनच आहेत.

*

पण सगळंच समजून घ्यायचं नसतं. पगार अडवणं, शिवीगाळ, बाईमाणसाशी वाईट वागणं यांना ‘जुन्या वळणाचे आहेत’ असं म्हणून पांघरूण घालू नये. तिथे मागची गोष्ट विचारायची नाही, तक्रार करायची. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या बाईलाही लैंगिक छळाविरुद्ध जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आमच्यासाठी तो जिल्हा ठाणे.

*

वीस किंवा त्याहून जास्त कामगार असले तर तक्रार निवारण समिती हवी, अशी तरतूद २०१० मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात आली आणि २०२० च्या कामगार संहितेनेही ती ठेवली. मालकाची आणि कामगारांची माणसं समितीत सारखी. अध्यक्षपद एक वर्ष या बाजूला, एक वर्ष त्या बाजूला. मला ही पाळीची कल्पना फार आवडते.

आठ माणसांच्या छापखान्यात ही समिती येत नाही. म्हणून टेबल, वेळ आणि वही आपणच ठरवली. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास. एक आठवडा चाचा आधी बोलतात, एक आठवडा पोरं. जे ठरतं ते मी लिहिते, आणि खाली सगळ्यांच्या सह्या होतात. चाचांचीही.

*

नव्याने नोकरीला लागलेल्यांना माझी विनंती: साहेबांचा नियम मोडण्याआधी तो कुठून आला ते एकदा विचारा. विचारताना हातात मोबाइल नको.

आणि वर्षानुवर्षं खुर्चीत असलेल्यांना: तुमच्या नियमामागचं नुकसान सांगून टाका. ते तुम्ही एकट्याने भरलंत. पण त्यातला धडा सांगितला नाहीत, तर तुमच्यामागे तेच नुकसान ही मुलं पुन्हा भरतील.