हवा खायची वाट

नीसमधले लोक तिला पूर्ण नावाने हाक मारत नाहीत. कागदोपत्री ती ‘प्रोमेनाड देझ आंग्ले’, म्हणजे इंग्रजांची फिरायची वाट. तोंडी मात्र नुसती ‘प्रॉम’. ‘संध्याकाळी प्रॉमवर ये’ एवढं सांगितलं की झालं. सुमारे सात किलोमीटर लांबीच्या बाईला भेटायचं तर नेमकं कुठे, हा प्रश्न परक्यांना पडतो, गावकऱ्यांना नाही.

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीची हद्द जेमतेम तीसेक किलोमीटरवर असताना, भूमध्य समुद्र जमिनीत अलगद आत वळतो. त्या वळणाचं नाव ‘बे देझांज’, देवदूतांचा उपसागर. प्रॉम या वळणाच्या कडेकडेने पहुडलेली आहे. पश्चिमेला पायथ्याशी विमानतळ, पूर्वेला उशाशी किल्ल्याची टेकडी. टेकडीवरचा किल्ला चौदाव्या लुईने 1706 मध्ये पाडून टाकला, नाव तेवढं राहिलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला हॉटेलांची रांग, मधे पामची झाडं आणि मोटारींची न संपणारी वर्दळ. तिच्या एका कानात लाटा आणि दुसऱ्या कानात हॉर्न, आणि दोन्हींचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही.

तिला आज पाहणाऱ्याला वाटतं, ही जन्मजात श्रीमंत असणार. गुलाबी घुमटाचं हॉटेल शेजारी, संगमरवरी पायऱ्या, दारात लांबलचक गाड्या. खरी गोष्ट उलटी आहे. प्रॉम दुष्काळी कामावर जन्मली.

त्या काळी नीस फ्रान्सचं नव्हतंच. ते सार्डिनियाच्या राज्यात होतं, फ्रान्सकडे आलं 1860 मध्ये. इंग्रज मंडळी तिथे हिवाळा काढायला येऊ लागली होती ती त्याच्या कितीतरी आधीपासून. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर-लेखक 1763 मध्ये छातीचं दुखणं घेऊन आला आणि पुढच्या मे महिन्यात खुशाल समुद्रात उतरून डुंबू लागला. खंगलेला माणूस पाण्यात उडी घेतो याचं गावाला नवल वाटलं. त्याचं प्रवासवर्णन 1766 मध्ये छापून आलं, नीसच्या माणसांबद्दल त्यात बरीच कुरकुर आहे. पण हवेची तारीफही आहे, आणि धुक्याला कंटाळलेल्या वाचकांनी नेमकी हवाच लक्षात ठेवली.

मग 1820 च्या दशकाच्या सुरुवातीला थंडीने घात केला. संत्र्याच्या बागा करपल्या, हातांना काम उरलं नाही, रस्त्यांवर भिकाऱ्यांची गर्दी झाली. लुईस वे नावाचे इंग्रज पाद्री तेव्हा तिथे होते. त्यांनी आपल्या मंडळींकडून वर्गणी गोळा केली आणि नुसती भीक वाटण्याऐवजी काम काढलं: समुद्राच्या कडेने चालण्यापुरती एक वाट. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आपल्या पिढीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. पोटासाठी काम, कामासाठी रस्ता. रस्ता कुठे जातो हा प्रश्न नंतरचा. फरक इतकाच, की आपल्याकडचे असे रस्ते गावाला बाजाराशी जोडण्यासाठी निघाले, तर हा रस्ता कुठेच जाण्यासाठी नव्हता. जेवण पचावं, छातीत चांगली हवा भरावी, एवढंच त्याचं प्रयोजन. भाकरीला मोताद झालेल्यांनी हवा खाणाऱ्यांसाठी बांधलेली ती दोनेक मीटर रुंदीची पायवाट होती. गावकऱ्यांनी आपल्या बोलीत तिला इंग्रजांची वाट म्हणायला सुरुवात केली आणि 1844 मध्ये तेच नाव अधिकृत झालं.

तिचे सुरुवातीचे पाहुणे खोकणारे होते, हेही आज कुणाच्या ध्यानात राहत नाही. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा डॉक्टर दक्षिणेकडचा हिवाळा लिहून देत. 1864 मध्ये रेल्वे आली आणि इंग्रजांपाठोपाठ रशियन उमराव, जर्मन व्यापारी, पोलिश जमीनदार उतरू लागले. चेखव आपला क्षय घेऊन 1897 चा हिवाळा इथे काढायला आला. व्हिक्टोरिया राणी 1895 ते 1899 दर वसंतात वरच्या सिमिए टेकडीवर मुक्कामाला येई आणि गाढवाच्या छोट्या गाडीतून फेरफटका मारी. तिच्याबरोबर तिचा हिंदुस्थानी मुन्शी अब्दुल करीमही असे. 1897 च्या सिमिए मुक्कामाला त्याला सोबत न्यायचं की नाही यावरून राणीच्या दरबारी मंडळींनी राजीनाम्याच्या धमक्या दिल्या होत्या. साम्राज्याची भांडणं अशी सुट्टीच्या सामानातून या किनाऱ्यावर येत.

या सगळ्या मंडळींना समुद्र हवा होता, पण पाहायला. अंगाला लावायला नव्हे. गोऱ्या कातडीवर ऊन पडू नये म्हणून छत्र्या, हातमोजे, बुरखे असा सरंजाम असे. उन्हाळा लागला की हॉटेलांची दारं बंद होत, नोकर घरी जात आणि प्रॉम आपल्या खऱ्या गावकऱ्यांबरोबर एकटी उरे. उन्हाळ्यात इथे येणं म्हणजे अडाणीपणा समजला जाई. ही रीत मोडली ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. 1923 मध्ये शेजारच्या आंतीबला जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्याने एका हॉटेलवाल्याला उन्हाळ्यातही हॉटेल उघडं ठेवायला राजी केलं. पुढे नीसचीही हॉटेलं उन्हाळ्यात उघडी राहू लागली. रापलेली कातडी शेतमजुराची खूण होती, ती बघता बघता सुट्टी परवडणाऱ्याची खूण झाली. प्रॉमने तक्रार न करता ऋतू बदलला. 1931 मध्ये ती रुंद होऊन नव्याने सजली, तेव्हा उद्घाटनाला व्हिक्टोरियाचाच मुलगा, ड्यूक ऑफ कॉनॉट, हजर होता. आईने गाढवाच्या गाडीतून पाहिलेली वाट मुलाने मोटारींच्या हवाली केली.

तिच्या शेजाऱ्यांची नशिबं मात्र तिच्याइतकी टिकाऊ निघाली नाहीत. गुलाबी घुमटाचं ‘नेग्रेस्को’ 1913 मध्ये उघडलं. आंरी नेग्रेस्को हा रुमानियाहून आलेला, कष्टाने वर चढलेला माणूस. दीड वर्षात महायुद्ध सुरू झालं, हॉटेलाचं इस्पितळ झालं, आणि 1920 मध्ये तो कफल्लक होऊन वारला. घुमट अजून उभा आहे. समुद्रात खांबांवर उभा केलेला ‘जेते-प्रोमेनाड’ नावाचा कॅसिनो 1883 मध्ये जळाला, 1891 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि 1944 मध्ये जर्मनांनी धातूसाठी उतरवून नेला. 1929 चं ‘पाले द ला मेदितेरानी’ तर आतून पार पाडलं गेलं. आज दिसतो तो त्याचा जुना दर्शनी भाग, मागे नवं हॉटेल. प्रॉमने श्रीमंती पुष्कळ पाहिली, पण कुणाची जन्मभर टिकलेली फारशी पाहिली नाही. म्हणून असेल कदाचित, ती श्रीमंतांना फार भाव देत नाही.

समुद्राशी तिचं नातं वरून दिसतं तितकं गोड नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. पाणी रोज जवळजवळ त्याच रेषेवर. त्यामुळे नव्या माणसाला हा समुद्र गरीब वाटतो. वर रंग असा, की त्याच्या जिवावर सगळ्या किनाऱ्याला 1887 मध्ये स्तेफेन लिएजार या लेखकाने ‘कोत दाझ्यूर’, निळाईचा किनारा, हे नाव देऊन टाकलं. पण वादळी दिवशी हाच समुद्र प्रॉमवर दगडफेक करतो. गोटे थेट रस्त्यावर येऊन पडतात, वाहतूक थांबते आणि पालिकेची माणसं फावडी घेऊन बाहेर पडतात.

हे गोटे म्हणजे प्रॉमच्या स्वभावातला खडूस भाग. नीसच्या किनाऱ्याला वाळू नाही. राखाडी, चपटे, गुळगुळीत गोटे, उन्हात तापलेले. छायाचित्रं बघून आलेला पाहुणा मोठ्या ऐटीत चपला काढतो आणि पुढची दहा पावलं हात पसरून, दात आवळून, कशीबशी टाकतो. पाणीही लबाड: काठापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो. पोहता येणाऱ्याला हे सुख, न येणाऱ्याने कमरेएवढ्या पाण्याचीही खात्री धरू नये. मात्र वाळू नाही म्हणून पाणी गढुळत नाही. खालचा गोटा न् गोटा दिसतो. वार आणि पायों या नद्या पूर्वी डोंगरातून हे गोटे वाहून आणत. पायोंवर शहराने झाकण घातलं, वारला बांध घातले, आणि किनारा झिजू लागला. आता पालिका ट्रक भरभरून गोटे आणून टाकते. निसर्गाच्या या देणगीला दरवर्षी खर्चाची तरतूद करावी लागते.

याच किनाऱ्यावर तिची दोन घरं शेजारी शेजारी चालतात. एकीकडे खासगी म्हणवणारे पट्टे: गादीच्या खुर्च्या, एका रंगाच्या छत्र्या, पांढऱ्या कपड्यातला वेटर, आणि दिवसाचं भाडं. मधल्या जागांत सार्वजनिक किनारा: पंचा, डबा, पोरं, आजी, नळाखालची अंघोळ, सगळं फुकट. फ्रान्समध्ये किनारा सरकारी मालमत्ता, म्हणजे सर्वांची. खासगी पट्टेवाले मालक नसतात, परवानाधारक असतात. पाणी दोघांना एकच. गोटेही एकच, फक्त गादीवाल्याला ते कमी टोचतात.

वर, वाटेवर, निळ्या खुर्च्या. 1950 मध्ये शार्ल तोर्दो यांनी घडवलेल्या. पूर्वी इथे खुर्चीवर टेकायचं तर पैसे पडत, वसुलीला बायका फिरत. आता भाडं नाही. सकाळी पेपर वाचणारे पेन्शनर, दुपारी सँडविच खाणारे कारकून, संध्याकाळी काहीच न करणारे सगळे, तोंडं समुद्राकडे. दुपारी बाराच्या ठोक्याला किल्ल्याच्या टेकडीवरून धडाम असा आवाज येतो. सर टॉमस कॉव्हेन्ट्री नावाच्या गृहस्थाने, बायको जेवणाला वेळेवर घरी यावी म्हणून, 1860 च्या दशकात तोफ उडवायची पद्धत पाडली असं सांगतात. बायका वेळेवर आल्या की नाही कोण जाणे, गावाला जेवणाची वेळ मिळाली. आता तोफेऐवजी फटाका उडतो. नवखे पाहुणे दचकतात, खुर्चीतले पेन्शनर पान उलटतात.

तिच्या अंगावर जखमाही आहेत. 1927 च्या सप्टेंबरात नर्तकी इसाडोरा डंकन इथून मोटारीने निघाली आणि गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात अडकून जागीच गेली. 16 ऑक्टोबर 1979 रोजी विमानतळाशेजारी भर घालून चाललेलं बंदराचं काम खचून समुद्रात गेलं, माणसं गेली, लाट आंतीबपर्यंत पोहोचली. आणि 14 जुलै 2016. राष्ट्रीय सणाची रात्र, आतषबाजी नुकती संपलेली, पोरंबाळं घेऊन लोक परत निघालेले. एक ट्रक मुद्दाम त्या गर्दीत घालण्यात आला. 86 माणसं मेली. आज पदपथाच्या कडेने पोलादी खांब आणि दोर आहेत, पूर्वेकडे मृतांच्या नावांसह एका देवदूताचं शिल्प आहे. गावकरी त्या रात्रीबद्दल आपण होऊन बोलत नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून फुलं घेऊन ते तिथेच आले होते, आणि फिरायचंही त्यांनी सोडलं नाही.

2021 च्या जुलैमध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, तेही ‘हिवाळी विश्रामनगर’ म्हणून. हिवाळ्यात फिरायला येणाऱ्यांनी शहर कसं घडवलं, याचा तो गौरव आहे आणि तो रास्तच आहे. पण घडवलं या शब्दाचे मानकरी दोन आहेत. वर्गणी देणाऱ्याचं नाव इतिहासात आहे. करपलेल्या बागांमधून उठून कुदळ घेऊन आलेल्यांपैकी एकाचंही नाव प्रॉमवरून चालणाऱ्याला वाचायला मिळत नाही. तिच्या पाटीवर इंग्रज आहेत, मजूर नाहीत. माझ्या मते तिच्यावरचं हे एक कर्ज अजून फिटायचं आहे. जरा बरं वाटतं ते इतकंच, की जी वाट त्यांनी दुसऱ्यांसाठी बांधली, तिथे आज सफाई कामगाराची नात आणि नेग्रेस्कोतला पाहुणा शेजारच्या खुर्च्यांवर बसतात, आणि त्या खुर्च्यांना पैसे पडत नाहीत.

तेव्हा नीसला जायचंच असेल तर जुलै-ऑगस्टचा हट्ट सोडा. जानेवारी-फेब्रुवारीत जा, प्रॉम मूळची हिवाळ्याचीच आहे. तेव्हा गर्दी नसते, दर उतरलेले असतात आणि ऊन सोसवतं. पाण्यात उतरणार असाल तर रबरी चपला विसरू नका. आणि खासगी पट्ट्यावर गादी घेण्याआधी वरच्या निळ्या खुर्चीत तासभर बसून बघा. बहुतेकांना मग गादीची गरज उरत नाही.