टिकल्यांचा आरसा

आमचा आरसा अमळनेरचा. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात दुकानं लागतात, तिथून आजीने आणलेला. ओसरीच्या खांबाला टांगलेला आणि बहिऱ्या माणसासारखा जरा पुढे झुकलेला. एका कोपऱ्याचा पारा उडालाय, त्यामुळे उंच माणसाला कान दिसत नाही. स्वभावाने सोशिक. दाढीचा फेस, तेलकट हात, लग्नघरातली ढकलाढकली, सगळं सोसतो आणि कुणाचंच काही जवळ ठेवत नाही. अपवाद टिकल्यांचा. आई नि ताई झोपताना त्या कपाळावरून काढून त्याच्या अंगावर चिकटवायच्या, सकाळी पुन्हा कपाळावर.

ताईचा मुलगा वर्षाचा असताना आईने त्याच्या कपाळाला लाल टिकली लावून त्याला आरशापुढे धरलं. "तो कोन शे रे?" पठ्ठ्याने आरशातल्या पोराच्या टिकलीला हात घातला. पुढच्या उन्हाळ्यात आला तेव्हा हात थेट स्वतःच्या कपाळाकडे गेला. गॉर्डन गॅलपने 1970 साली चिंपांझींच्या भुवईवर लाल रंग लावून हेच तपासलं होतं. माणसाच्या बहुतेक पोरांना ही खूण दीड-दोन वर्षांत पटते. आईला गॅलप ठाऊक नाही. नातू शहाणा झाला म्हणून तिने त्याच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

पण ते कपाळ माझं, एवढं कळलं म्हणजे 'मी' कळला का? हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. 1916 साली प्रतापशेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' 1930 मध्ये तिथूनच प्रसिद्ध झालं. वाचायला महाकठीण पुस्तक. मी दोनदा अर्ध्यात सोडलं. माझ्या भाषेत सांगायचं तर, ज्याच्याकडे बोट दाखवता येतं ती वस्तू. 'मी' तसा दाखवता येत नाही. मी 'मी' म्हणालो की ऐकणाऱ्याच्या लेखी तो 'तू' होतो. देहापासून निघून वस्तूपणातून एकेक पायरी सुटत जाणं, हेच त्यांच्या लेखी स्वातंत्र्य. म्हणजे आमचा सोशिक आरसा पहिल्या पायरीवरच अडला. तो देह दाखवतो, पाहणारा त्याला सापडत नाही.

त्याच पुस्तकात नसण्याच्या जाणिवेवर एक प्रकरण आहे. एखादी गोष्ट नाही, हेसुद्धा समोर असल्यासारखं जाणवतं. हे मात्र मला न अडखळता कळलं, कारण ताई धुळ्याला दिली त्याला आता बरीच वर्षं झाली आणि तिची एक मरून टिकली आरशावर राहिली आहे. कडेने धूळ धरलेली. रंगकामाच्या वेळी पेंटर ती ब्लेडने खरवडायला निघाला, तर आईने त्याचा हात धरला.

दाढी करताना ती बरोबर माझ्या कपाळावर येते. पहिल्यांदा ती पुसायला माझा हात माझ्याच कपाळाकडे गेला होता.