वरळीचा ढोल, माझगावचे देऊळ

वरळीच्या अ‍ॅनी बेझंट रोडवरून आम्ही वीस वर्षे बसने कचेरीला जात आहोत. रस्त्याला लागूनच जपानी बुद्धविहार आहे. ढोलाचा आवाज कितीदा तरी कानी आला, पण खाली उतरून आत जावे असे आम्हाला कधी सुचले नाही. आमच्या वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘काका, जपानी लोक आपल्या मुंबईत कशाला आले?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते. मग ठरले, आपण जाऊनच पाहू. चौदा मुले-मुली, घरचे डबे आणि बसचे सुटे पैसे घेऊन एका रविवारी सकाळी निघालो.

विहारात चपला काढून शिरलो. समोर तथागतांची शांत मूर्ती, एका बाजूला भला मोठा ढोल. पंख्यासारखा चपटा हातढोलही होता. ‘ना मु म्यो हो रेन गे क्यो’ असा सात अक्षरांचा घोष या ढोलाच्या ठेक्यावर चालतो. त्याचा अर्थ, सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन. तेराव्या शतकात जपानमध्ये निचिरेन नावाच्या भिक्षूने हा घोष लोकांत नेला. मुंबईत तो आणला निचिदात्सु फुजी गुरुजींनी. ते १९३१ साली भारतात आले. ज्या देशातून धम्म आला, त्या देशात तो परत न्यायचा, ही त्यांची तळमळ. हातात ढोल घेऊन ते मुंबईच्या रस्त्यांवरून फिरले. १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. हिरोशिमा आणि नागासाकीवर १९४५ साली अणुबॉम्ब पडल्यानंतर त्यांनी देशोदेशी शांतिस्तूप उभारण्याचे काम हाती घेतले. राजगीरचा १९६९ सालचा विश्वशांती स्तूप आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. तो याच परंपरेचा.

पण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर यात पुरते मिळाले नव्हते. ते मिळाले तिथून चालत गेल्यावर, ई. मोझेस रोडवरच्या स्मशानभूमीजवळ. तिथे १९०८ सालापासूनची जपानी दफनभूमी आहे. आधी विचारून ठेवले होते, म्हणून आत जाता आले. दगडांवर जपानी अक्षरे कोरलेली. आम्हाला एकही नाव वाचता आले नाही.

जपानी लोक आले ते कापसासाठी. आपल्याकडचा कापूस जपानच्या गिरण्यांना हवा होता. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने एका जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी बोट सुरू केली. व्यापारी आले, खलाशी आले. आणि बोटींच्या मार्गाने दलालांनी गरीब घरच्या मुलीही आणल्या. क्यूशू परिसरातल्या शिमाबारा, आमाकुसा अशा गरीब, कर्जबाजारी भागांतल्या या मुली. कुणाला नोकरीचे आमिष, कुणाच्या बापाला चार पैसे. सिंगापूर, रंगून, मुंबई अशा बंदरांत त्यांना विकले गेले. जपानीत त्यांना ‘कारायुकी-सान’ म्हणतात. मुंबईत त्यांचे दिवस कामाठीपुऱ्याच्या आसपास गेले आणि काहींचा शेवट या मातीत झाला.

मुलांना हे सांगावे की नाही, असा विचार आमच्या मनात आला होता. पण आपल्याही आया-बहिणींच्या वाट्याला देवदासी म्हणून काय आले, ते ही मुले जाणतात. आम्ही सांगितले. मुली गप्प झाल्या. मग कुणीही न सांगता त्रिशरण सुरू झाले.

दुपारी झाडाखाली डबे खाऊन माझगावची बस धरली. या बसमध्ये जे घडले, ते लिहायला संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे. पुढच्या बाकावर एक तरुण बसला होता, चेहऱ्यावरून ईशान्येकडचा. आमच्यातला एक मुलगा हसत म्हणाला, ‘‘बघा, चायनीज इथंच भेटला!’’ दोघे-तिघे हसले. तो तरुण वळून शांतपणे म्हणाला, ‘‘भाई, मैं मणिपूर का हूँ.’’ पुढच्याच थांब्यावर तो उतरून गेला. आम्हीही त्या क्षणी तोंडातून शब्द काढला नाही, ही आमची चूक.

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, नवाब टँक रोडवर ‘सी यप कून’ हे चिनी देऊळ आहे. साधी दुमजली इमारत, सांगितल्याशिवाय ओळखू येणार नाही. १९१९ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या चार तालुक्यांच्या लोकांनी ते उभारले. ‘सी यप’ म्हणजेच चार तालुके. बोटींवर आणि गोदीत राबणारी ही माणसे. आपल्या आजोबा-पणजोबांनीही गाव सोडून याच गोदीत ओझी वाहिली. वरच्या मजल्यावर तांबड्या-सोनेरी सजावटीत क्वान कुंग, म्हणजे निष्ठेसाठी पुजला जाणारा प्राचीन सेनापती. खालच्या मजल्यावर क्वान यिन, करुणेची देवता.

ही क्वान यिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनी भाषेत आणले. सकाळी वरळीत ज्याला वंदन होते, तेच हे सूत्र. त्यातून अवलोकितेश्वर चीनमध्ये घरोघरी गेला आणि पुढे स्त्रीरूपात दिसू लागला. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरीत ९० क्रमांकाच्या लेण्यात तो आठ संकटांतून माणसांना वाचवताना कोरला आहे. त्यात बुडणारे जहाजही आहे. खलाशांनी त्याला जवळ केले, यात नवल नाही.

एका मुलीने विचारले, ‘‘काका, बाबासाहेबांनी देवदेवी मानू नका सांगितलंय. मग इथं हात जोडायचे का?’’ आम्ही म्हणालो, ‘‘नवस बोलायला जोडायचे नाहीत. पण ज्यांनी आपल्याला आत घेतलं, त्यांना नमस्कार करायला काय हरकत?’’ भविष्य सांगणाऱ्या बांबूच्या काड्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

तिथेच पायरीवर बसून १९६२ सालची गोष्ट सांगितली. चीनशी युद्ध झाले आणि चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले. गुन्हा काही नाही, फक्त चेहरा. त्यानंतर अनेक चिनी कुटुंबे देश सोडून गेली. मुंबईचे चिनीही मोजकेच उरले. याच देशातून सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चिनी जखमींच्या सेवेला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांची समाधी चीनच्या लोकांनी आजवर जपली आहे.

बसमध्ये हसलेला मुलगा मान खाली घालून म्हणाला, ‘‘काका, त्या दादाला सॉरी म्हणायचं राहिलं.’’ तो दादा आता कुठे भेटणार? आडनाव विचारून तोंडे वाकडी करणारे आपण पाहिले आहेत. ती कळ आपल्याला ठाऊक असताना आपण चेहरा पाहून हसलो, हे मुलाला उमगले. आम्हालाही.

पालकांनो, एखादा रविवार काढा. वरळीचा विहार बसच्या वाटेवर आहे, चिनी देऊळ हार्बर लाईनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाण्याजोगे आहे. खर्च फार नाही. मुलांना बरोबर न्या आणि जाता-येता बसमध्ये ती काय बोलतात, तिकडेही कान ठेवा.