पाचशे डॉलरांची मर्क्युरी

धडधाकट गाडी घ्यायची आणि तिचं छतच कापायचं! ऐकून आपल्या पोटात गोळा येईल. पण १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांना हेच वेड होतं.

बॉब हिरोहाताने आपली १९५१ची मर्क्युरी बॅरिस बंधूंच्या हवाली केली. त्यांनी छत कापून बुटकं केलं, मधले खांब उडवले, हिरव्या छटांनी रंगवली. पुढे इंजिनही कॅडिलॅकचं बसलं. गाडी गाजली. तरी १९५९ साली ती जुन्या गाड्यांच्या बाजारात उभी होती. एका शाळकरी पोराने ती ५०० डॉलरांना घेतली आणि २०१८ साली मरेपर्यंत विकली नाही. २०२२च्या लिलावात तिला वीस लाखांहून अधिक डॉलर आले.

मला त्या आकड्यापेक्षा मधली साठेक वर्षं मोठी वाटतात.

अशा गाड्यांच्या जाहिराती मी हौसेने वाचतो. घ्यायची ऐपत नाही. इंजिन, चाकं, रंग सगळं सांगून झालं की शेवटी कधीकधी विकण्याचं कारण असतं. 'मुलांना आवड नाही' असं दिसलं की पुढे वाचवत नाही. आमच्या गोव्यातली जुनी घरंही याच वाक्यावर विकली जातात.