गाण्याच्या मागावर हुबळी-धारवाड

अनोळखी मोठं शहर पहिल्यांदा आणि एकट्यानं बघायचं, तर एखादा धागा धरून बघावं. प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन निघालं की नुसते पाय दुखतात. हुबळी-धारवाडला मी गाण्याचा धागा धरला, कारण चंदगडच्या आमच्या घरात मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल ही नावं देवाच्या नावांसारखी घेतली जायची. रेडिओवर मन्सूर लागले की वडील हातातलं काम खाली ठेवत.

नोकरीमुळे मी बेलूरला आले. बेलूर म्हटलं की सगळ्यांना होयसळांचं देऊळ आठवतं. हे ते नव्हे. हे धारवाडच्या अलीकडचं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं बेलूर. शेड, ट्रक, आणि पाळी सुटली की चहाच्या टपऱ्यांवर गर्दी. जवळच गरग आहे, जिथं राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते. माझी सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी येते, त्या दिवशी बरोबर यायला कोणी नसतं. म्हणून एकटीच निघाले. आई फोनवर दोनदा म्हणाली, “अंधार पडायच्या आत खोलीवर ये.”

सकाळच्या बसनं धारवाडला उतरले आणि रिक्षावाल्याला मन्सूरांच्या घराचं नाव सांगितलं, ‘मृत्युंजय’. त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. गायकाचं घर रिक्षावाल्याला पत्ता न सांगता माहीत असतं, ही गोष्ट मला त्या शहराबद्दल फार काही सांगून गेली.

घर आता स्मारक आहे. साधं, बैठं. दारातल्या मावशींनी “बर्री, कूड्री” म्हणत आत घेतलं. माझं कन्नड कारखान्यापुरतं, त्यांचं मराठी नाटकांच्या पदांपुरतं, पण आमचं अडलं नाही. मी तंबोऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिले. भोपळ्याच्या गोलाईवर, जिथं हात टेकतो, तिथला रंग उडाला होता. सगळ्या मानपत्रांपेक्षा मला ती उडालेली जागा मोठी वाटली. मन्सूर १९१० साली धारवाडजवळच्या मन्सूर गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मले, लहानपणी नाटक कंपनीत गेले, मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकले. पुढं कोल्हापूरच्या अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ, आणि ते अकाली गेल्यावर भूर्जीखाँ. म्हणजे जयपूर-अत्रौलीची ती गायकी आमच्या कोल्हापूरच्या अंगणातूनच इथं आली. १९९२ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

धारवाडच्या मातीतच गाणं आहे, असं लोक कौतुकानं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. माती कुठलीही असो, गाणं माणसांच्या येण्याजाण्यानं रुजतं. मुंबई-मिरजेकडचे गवई म्हैसूरच्या दरबारी जाताना वाटेत इथं मुक्काम करत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथं शिष्य घडवले. नाटक कंपन्या फिरत यायच्या. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होतं, १९५० पासून इथं आकाशवाणी आहे. वाटेवरचं गाव होतं म्हणून इथं गाणं थांबलं, आणि दाद देणारी माणसं होती म्हणून राहिलं.

तिथून साधनकेरी. तळ्याकाठी द. रा. बेंद्रे यांचं घर आणि शेजारी स्मृतिभवन. कन्नडचा हा केवढा मोठा कवी, १९७३ चा ज्ञानपीठ मिळालेला. घरात मात्र मराठी बोलायचा, मराठीतही लिहायचा. सीमाभागात वाढलेल्या माझ्यासारखीला भाषेवरून होणारी भांडणं नवीन नाहीत. त्या घरासमोर उभं राहिल्यावर वाटलं, इथं दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजत होत्या आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

लाइन बाजारात ठाकुरांच्या पेढ्याच्या दुकानासमोर रांग होती. पेढा उन्नावहून आलेल्या कुटुंबाचा, दूध इथल्या गवळ्यांच्या म्हशींचं. खवा तांबूस होईपर्यंत भाजायचा आणि वरून पिठीसाखरेत घोळवायचा. जवळच्या खाणावळीत एकटी बाई जेवायला बसली याचं कुणाला काही वाटलं नाही. वाढणारी अक्का मऊ ज्वारीची रोट्टी थेट तव्यावरून ताटात टाकत होती. भरली वांगी, शेंगाचटणी, दही. नको म्हणायला तोंड रिकामं असेल तर ना!

दुपारी ‘चिगरी’ बस धरली. रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका, फलाटासारखे थांबे, आणि बसचं दार बरोबर फलाटाला भिडतं. धारवाड ते हुबळी वीसेक किलोमीटर बिनधक्क्याचे. उणकल तळ्यापाशी उतरून चंद्रमौळेश्वराचं देऊळ पाहिलं. चालुक्यकाळातलं, चारही दिशांना दारं असलेलं, पण घरांनी पार वेढलेलं. एवढ्या कोरीव कामाला श्वास घ्यायला जागा नाही, हे बघून वाईट वाटलं.

हुबळी घाईची आहे, व्यापारी आहे. स्टेशनचा १,५०७ मीटरचा फलाट बघून घेतला. जगातला सगळ्यांत लांब. स्टेशनला नाव सिद्धारूढ स्वामींचं, आणि त्यांच्या मठात दुपारी दासोहाची, म्हणजे अन्नदानाची, पंगत अजून उठत होती.

मला ओढ होती ती ‘गंगालहरी’ची, देशपांडे नगरातल्या गंगूबाईंच्या घराची. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर गायलेली ती अकरा वर्षांची मुलगी. पुढं सवाई गंधर्वांकडे शिकायला ती हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जायची. बाईनं एकटीनं गाडीत बसून गाणं शिकायला जायचं, तेही त्या काळात, आणि लोक काय काय बोलत असतील ते ऐकत. मी दिवसाउजेडी, हातात फोन घेऊन, वातानुकूलित बसमधून आले होते. त्यांच्या फोटोखाली मी मनापासून हात जोडले.

पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. ते गुरू इथल्या कुंदगोळचे, भीमसेनजी तिथंच त्यांच्याकडे राहून शिकले. महोत्सवाला दरवर्षी जाणाऱ्या कोल्हापूर-सांगलीकडच्या रसिकांनी, विशेषतः मुलींनी, एकदा तरी सवड काढून ही घरं बघायला यावं. स्मारकांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि सुरुवात धारवाडपासून करावी. बेळगावहून दिवसभर बसगाड्या आहेत.