रविवारची बैठक

ह्यांची बदली झाली आणि आम्ही फोंड्याहून बडोद्याला आलो, त्याला सहा वर्षे झाली. इथे नवरात्रात सगळे शहर गरब्याला लोटते, आणि आम्ही खिडक्या लावून बसतो. आमच्या आठ वर्षांच्या मुलाला लाउडस्पीकर सहन होत नाही. गंमत म्हणजे चवथीला गावी घुमट वाजू लागले की हाच मुलगा वाजवणाऱ्याला चिकटून बसतो. असे का, ते मला अजून उमगलेले नाही.

गेल्या नवरात्रात सोसायटीतल्या एका बाईंनी मला जिन्यात थांबवले. ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक महिन्यातून एका रविवारी एका शाळेच्या वर्गात जमतात, म्हणाल्या. "आवजो ने, बेन." मी हो म्हटले आणि चार महिने फिरकले नाही.

सबबी भरपूर होत्या. रविवार एकच मिळतो, माझी गुजराती भाजी घेण्यापुरती, वगैरे. खरी कारणे दोन. बडोद्यातले मराठी जग लहान आहे. सकाळी बोललेले संध्याकाळी दांडिया बाजारात पोचते. आणि दुसरे, तिथे मोठी झालेली मुले दिसली असती. पंधरा वर्षांनंतरचा माझा मुलगा मला आज समोर बघायचा नव्हता. लिहिताना लाज वाटते, पण होते ते असे.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मूळ शब्दही ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरूनच आलेला. लिओ कॅनरने १९४३ साली अकरा मुलांबद्दल लिहिताना तो वापरला. मला मात्र 'स्वमग्न' ऐकले की वाटते, दोष दिला जातोय. तसा तो दिला गेलाही, मुलांना नव्हे, आयांना! आई थंड, म्हणून मूल असे. ब्रुनो बेटलहाइमने १९६७ साली त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. खरे तर बर्नार्ड रिमलंडने १९६४ मध्येच ही कल्पना खोडून काढली होती. रिमलंड मानसशास्त्रज्ञ होता, आणि अशाच एका मुलाचा बापही. लंडनला १९६२ साली पालकांनीच एकत्र येऊन संस्था काढली. आपल्याकडे १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. हे सगळे मी घरी बसून वाचत होते. जिन्याखालच्या बाईंकडे मात्र जात नव्हते.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "बाय, एकदां वचून तरी पळय."

गेले. विशीतला एक मुलगा सगळ्यांना चहा देत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारले, "खांड ओछी?" मी हो म्हटले. ज्याला बघायला मी चार महिने घाबरले, तो हा.

एक गृहस्थ गव्हाचे पदार्थ बंद करा म्हणून सांगत होते, ते मी सोडून दिले. एका आईकडून मात्र कळले की मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मुलाच्या कागदपत्रांची फाइल त्यांनी सोबतच आणली होती. मग मी माझा प्रश्न विचारला. दोन वर्षांपूर्वी एका थेरपिस्टने आम्हांला सांगितले होते, घरात एकच भाषा ठेवा, मूल गोंधळते. तेव्हापासून सासूबाईंनी नातवाशी कोंकणी बोलणे सोडले. मराठी त्यांना येते, पण ती पाहुण्यांशी बोलायची. हळूहळू त्या त्याच्याशी बोलेनाशाच झाल्या.

त्या बाई म्हणाल्या, आमच्या घरी सिंधी, गुजराती, हिंदी, सगळे चालते. एकापेक्षा अधिक भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे मागे पडत नाही, असे संशोधनातही दिसून आले आहे.

दोन वर्षे! मला तिथे रडायला आले. कुणी समजूत घातली नाही, हे बरे झाले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री पाने वाढल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "बाबू, जेवपाक यो रे." तो लगेच काही आला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. सासूबाईही येतो म्हणतात. गुजरातीचे कसे करणार, विचारले, तर म्हणाल्या, "चहा दिता तो भुरगो म्हाका पळोवपाचो आसा."